बरकत, दोन, तीन

माझं वजन बासष्ट किलो आहे, हे आमच्या मोंढ्यात कोणालाही विचारा. हमाल सांगतील, आडते सांगतील, चहावाला तर न विचारता सांगेल. बाईमाणसाचं वजन असं चव्हाट्यावर आणणारा माणूस चाचांशिवाय दुसरा कोण असणार! मोंढ्यात कारकून म्हणून मी रुजू झाले त्याच सकाळी, अजून टेबलावरची धूळसुद्धा पुसली नव्हती, तर एक किडकिडीत, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस समोर येऊन म्हणाला, "ताई, जरा काट्यावर उभ्या राहा." मला वाटलं, काटा तपासायची ही इथली पद्धत असेल. राहिले उभी. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले, "हालू नका, काटा ठरू द्या," म्हणाले आणि मग शेडच्या पत्र्याला धडकेल अशा आवाजात जाहीर केलं, "बासष्ट! नेपाळला बिलकुल चालतंय. वेल्सला बी काही अडचण न्हाई."

अर्धा मोंढा हसला. मी इतकी चिडले की दिवसभर त्या माणसाशी बोलले नाही. त्यानंतर कितीही भाकऱ्या कमी केल्या तरी माझे बासष्टचे बासष्टच राहिले, आणि चाचांशी न बोलण्याचा निश्चय काही दुसऱ्या दिवशीच्या चहापलीकडं टिकला नाही.

चाचा मापाडी होते. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर आलं की त्याचं वजन पुकारणं हे त्यांचं काम. ते पुकारायचे आणि शेजारच्या टेबलावर मी लिहायचे; सहा वर्षं आमचं हेच चाललं. भोकरदन आणि राजूरच्या मधल्या आमच्या गावचा मोंढा तसा लहान, पण मक्याच्या दिवसांत तिथं पाय ठेवायला जागा नसते, आणि मिरचीच्या दिवसांत तर शिंकांमधून उरलेल्या वेळातच बोलायचं. त्या सगळ्या गलक्यावरून चाचांचा आवाज यायचा, "बरकत! दोन! तीन!" पहिल्या पोत्याला ते कधी एक म्हणत नसत. जुने मापाडी कोणीच म्हणत नाहीत. हिंदू मापाडी पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात, चाचा 'बरकत' म्हणायचे. पण बाकीचे ही रीत मोंढ्यात ठेवून घरी जातात, चाचांनी ती साऱ्या आयुष्याला लावून घेतली होती. गोळ्या घ्यायच्या तर बरकत, दोन. जिना चढायचा तर बरकत, दोन, तीन, चार. नातवंडं किती म्हणून विचारलं तर बोटांवर मोजत बरकतपासूनच सुरुवात. त्यामुळं थोरल्या नातवाचं नावच बरकत आहे असा माझा कित्येक महिने समज होता.

आणि ते हात पाठीमागं बांधणं! काट्यावर पोतं ठेवलं की चाचा एक पाऊल मागं सरायचे आणि हात मागं घ्यायचे. आकडा थरथरायचा थांबेपर्यंत तसेच उभे. शेतकऱ्याला दिसलं पाहिजे, की मापाड्याचा हात ना काट्याला लागलाय ना पोत्याला. हे त्यांना त्यांच्या वडलांनी शिकवलं होतं. एकदा मक्याची पाऊणशे पोती मापून झाल्यावर त्यांना काट्याच्या फळीखाली बोराएवढा खडा सापडला. कोणाला कळलंही नसतं. चाचांनी तो खडा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, लिहिलेलं सगळं खोडा. पुन्हा बरकतपासून." आडत्यांनी आरडाओरडा केला, हमालांनी कपाळाला हात लावला, मी तर मनातल्या मनात काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पाऊणशे पोती पुन्हा चढली, पुन्हा उतरली. फरक निघाला चिमूटभर. चाचा मात्र त्या दिवशी लग्नघरातल्यासारखे खुश होते.

आता हे नेपाळ आणि वेल्सचं काय प्रकरण, ते सांगते. चाचांचा एक भाचा आखातात रास-अल-खैमाकडं टँकर चालवतो. त्यानं एकदा व्हिडिओ पाठवला. उंच डोंगर, त्यावरून निघालेली पोलादी तार, आणि त्या तारेला पालथा लटकवलेला माणूस डोकं पुढं करून दरीवरून सुसाट चाललेला. झिपलाईन म्हणतात त्याला. झालं! त्या दिवसापासून हा माणूस जमिनीवर राहिलाच नाही. जगात कुठं कुठं अशा तारा आहेत, कुठली दरीवरून जाते, कुठली समुद्रावर उतरते, कुठं बसवून सोडतात आणि कुठं निजवून, सगळं त्यांना तोंडपाठ. मोबाईलवर दुसरं काही बघायचेच नाहीत.

दुपारी लिलाव आटोपले, की मोंढा एकदम रिकामा व्हायचा. हमाल सावलीला लवंडायचे, पत्र्यावर कबुतरं चालल्याचा आवाज यायचा, हवेत मक्याचा भुसा तरंगत असायचा आणि पत्र्याच्या भोकांतून येणारं ऊन त्यात तिरपं उभं राहायचं. चाचा पोत्यांच्या थप्पीवर चढून उताणे पडायचे. मोबाईल छातीवर, डोळे मिटलेले. मी खाली खुर्चीत डबा खात बसलेली. आणि वरून आवाज यायचा.

"ताई, कोस्टारिकाला जंगल हाये. पण असं-तसं न्हाई. ढग झाडात राहतात तिथं. तार हिकडून निघती आन सीधी ढगात जाती. पुढलं टोक दिसतच न्हाई."

"मग लोक जातात कशाला? वेडेबिडे आहेत का?"

"कारण तिकडं कोणीतरी धरायला उभं असतं. ते दिसत न्हाई, पण असतं. आपल्याला सुटायचं काम, धरायचं काम त्याचं."

मी भाकरी मोडता मोडता थांबायचे. खरं सांगू? मला उंचीची भयंकर भीती. राजूरच्या गणपतीच्या पायऱ्यांवरून खाली बघितलं तरी मी कठडा धरून खाली बसते. पण चाचा बोलायला लागले की त्या पत्र्याच्या शेडमध्ये खरोखरच ढग यायचे. वेल्समध्ये पाटीचा दगड काढून काढून झालेली मोठी खाण आहे, तिच्या तळाला निळं पाणी साठलंय आणि त्याच्यावरून माणसं जातात. अलास्कात तार झाडांच्या शेंड्यांवरून समुद्राच्या काठाला उतरते आणि नशीब असेल तर पाण्यात देवमासा दिसतो. नेपाळात पोखऱ्याला समोर बर्फाचा डोंगर उभा असतो आणि आपण त्याच्याकडं बघत खाली खाली नदीकडं जातो. मेक्सिकोत दरी एवढी, की तिच्यात संध्याकाळ आधी होते आणि वर अजून ऊन असतं. हे सगळं चाचा असं सांगायचे, की परवाच जाऊन आलेत. आणि हा माणूस उभ्या आयुष्यात संभाजीनगरच्या पुढं गेला नव्हता!

नावडतीही जागा होती एक. अमेरिकेत कुठंसं एका झगमगाटी रस्त्यावर छत आहे आणि छताखालून तार. त्याचं नाव काढलं की चाचा उठून बसायचे. "पत्र्याखालीच उडायचं तर आपला मोंढा काय वाईट हाये?"

मोंढ्यातल्या प्रत्येकाला त्यांनी देश वाटून दिले होते, वजनाप्रमाणं. जड माणूस तारेवर जोरात जातो, हलका असला तर मधेच थांबतो आणि लटकून राहतो, त्यामुळं दोन्हीकडून मर्यादा असते, हे त्यांनीच मला सांगितलं. आमचे एक आडते शेठ एकशेअठरा भरले, तेव्हा चाचांनी खूप विचार केला आणि हळहळून म्हणाले, "शेठ, तुमच्यासाठी अजून देश बनला न्हाई." शेठनं आठवडाभर त्यांचा सलाम घेतला नाही.

एकदा मी त्यांना विचारलं, "चाचा, हे खूळ तुमच्या डोक्यात शिरलं कसं हो? त्या व्हिडिओनंच?"

त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणाले, "माझे अब्बा मापाडी व्हते तवा असा पाटाचा काटा नव्हता. तीन लाकडं उभी करायची, वरून तराजू टांगायचा. सगळी पोती झाली की अब्बा मला पोत्यात बसवायचे आन तराजूच्या हुकाला अडकवायचे. वजन करायचे. मंग एक झोका द्यायचे." एवढं बोलून त्यांनी हातानं हवेत झोका दाखवला. "जमिनीला पाय लागत नव्हते, ताई. बस, तेवढंच."

त्यानंतर मी त्यांना खुळे म्हटलं नाही. तोंडावर तरी नाही.

मग चाचांचं जालन्याला पोटाचं ऑपरेशन झालं. परत आले ते निम्मेच. आवाज तोच, "बरकत" तीच, पण कुडता खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा. दर शुक्रवारी नमाजहून आले की ते टोपी काढून, चपला काढून स्वतः काट्यावर उभे राहायचे, हात मागं बांधायचे आणि मला आकडा वाचायला लावायचे. आपला आकडा आपण वाचू नये असा त्यांचाच नियम.

"शेहेचाळीस."

"बराबर."

दोन महिन्यांनी, "चव्वेचाळीस, चाचा."

"मेक्सिको गेलं," ते शांतपणे म्हणाले.

एकेक किलो उतरत होता आणि एकेक देश जात होता. वेल्स गेलं. कोस्टारिका गेलं, त्या दिवशी ते थप्पीवर चढलेच नाहीत. मी घरून तुपातला शिरा आणायला लागले, हमाल केळी आणायचे, शेठनंसुद्धा जुना रुसवा विसरून बदामाची पुडी पाठवली. चाचा सगळ्यांचं मन राखायला दोन घास खायचे. एका शुक्रवारी चाळीस भरले आणि मला आकडा वाचवेना. मी म्हटलं, "चाचा, एक्केचाळीस."

त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. "ताई," म्हणाले, "काट्यापाशी बसून असं करू नका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात कळलं, की अजिंठ्याच्या डोंगराकडं कोणीतरी दोन टेकड्यांमध्ये अशी तार बांधली आहे. मी फोन करून विचारलं. कमीत कमी वजन चाळीस. मी चाचांना सांगितलं, "अमावस्येला मोंढा बंद असतो. जायचं. माझ्या स्कूटीवर."

"तुम्ही बी उडणार?"

"मी खाली उभी राहून तुमचा फोटो काढणार. मला त्या तारेचं नाव काढू नका."

अमावस्येला पहाटेच त्यांच्या दारात गेले. चाची मलिद्याचा डबा घेऊन उभ्या होत्या. चाचांनी तीन केळी आणि तांब्याभर पाणी पोटात घातल्याचं त्यांनी मला हळूच सांगितलं. "ताई, इनको पकड के रखना," त्या म्हणाल्या. "सादी हवा में भी उड जाते ये." चाचा मागं बसले तेव्हा स्कूटी जरासुद्धा दबली नाही, आणि मला रस्ताभर दर थोड्या वेळानं "आहात ना?" विचारावं लागलं. दोन्ही बाजूंना कपाशी, पुढं निळसर डोंगराची रेघ.

टेकडीवर झोपडी होती, काटा होता आणि सगळा कारभार बघणारी तिशीतली एक बाई होती, तरतरीत, कमरेला दोरांचे गुंडाळे लावलेली. तिनं चाचांना काट्यावर उभं राहायला सांगितलं. मी कौतुकानं बघत होते आणि एकदम माझ्या लक्षात आलं. चाचांचे हात पाठीमागं नव्हते. सहा वर्षांत पहिल्यांदा. दोन्ही हात कुडत्याच्या खिशांत होते.

"चाळीस," ती बाई म्हणाली. "काठावर पास, चाचा."

कुडत्याचे खिसे खाली लोंबत होते. ते काय आहे हे मला बघायची गरजच नव्हती. त्यांच्या वडलांची एकेक किलोची दोन लोखंडी वजनं, शिक्का मारलेली, जी ते घरात फडक्यात बांधून ठेवायचे आणि एकदा मला दाखवायला घेऊन आले होते. ज्या माणसानं बोराएवढ्या खड्यासाठी पाऊणशे पोती पुन्हा मापली, तो माणूस खिशात वजन घालून काट्यावर उभा होता. आणि मी, काय सांगू, मी गप्प बसले. देवा, एकदा उडू दे यांना, एवढंच माझ्या मनात होतं.

त्या बाईनं त्यांना पट्टे बांधले, हेल्मेट घातलं, फळीच्या टोकाला नेलं. खाली सागाचं आणि सीताफळीचं रान, पलीकडच्या टेकडीवर धुकं. तार निघून त्या धुक्यात गेली होती, पुढलं टोक दिसत नव्हतं. चाचांनी ते बघितलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. तसा आनंद मी कोणाच्या चेहऱ्यावर बघितलेला नाही. तिनं मोजायला सुरुवात केली, "एक..."

"थांबा, बेटी," चाचा म्हणाले.

त्यांनी खिशातून बरकत आणि दोन काढली. दोन्ही वजनं तिच्या हातावर ठेवली. "हे माझं न्हाई," म्हणाले. "माझे अडतीसच हायेत." आणि स्वतःच पट्टे सोडायला लागले. बकल काही निघत नव्हतं.

ती बाई ओशाळली. "चाचा, एकट्यानं हलका माणूस मधे अडकतो हो. नाहीतर मी कशाला अडवलं असतं? जोडीनं पाठवता येतं. सोबत कोणी असेल तर..." आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

चाचांनी बघितलं नाही. बासष्ट आणि अडतीस किती होतात हे त्यांच्याइतकं लवकर जगात कोणाला कळलं असतं? पण ते खाली मान घालून बकलशी झटत राहिले. एकदा जरी "चला ना ताई" म्हणाले असते, तर मी हात जोडून नाही म्हटलं असतं. न विचारता उभ्या राहिलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

"बांधा मला," मी त्या बाईला म्हटलं. "आणि चाचा, मी मेले ना, तर तुमच्या मोंढ्यातल्या नोकरीला आग लागो!"

तिनं आधी चाचांचे पट्टे आणि हेल्मेट काढलं आणि आम्हा दोघांना एकत्र काट्यावर उभं केलं. चाचांचे हात आपोआप पाठीमागं गेले. "आकडा वाचा, ताई," ते म्हणाले.

"शंभर. वर दोनशे ग्रॅम."

"ते तुमच्या ओढणीचे," चाचा म्हणाले, आणि मग मोंढ्याच्या आवाजात, साऱ्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडले, "क्विंटल! बराबर क्विंटल!"

मग दोघांना पट्टे बांधले. फळीच्या टोकावर मी डोळे घट्ट मिटले होते. ती बाई मोजणार तेवढ्यात चाचा म्हणाले, "आमचं आम्ही मोजतो." आणि माझ्या कानाशी, अगदी हळू, "बरकत. दोन. तीन."

पुढचं मला सरळ सांगता येणार नाही. आधी मी किंचाळले, बहुतेक आईला हाक मारली. मग चाक तारेवर एका सुरात गुणगुणायला लागलं आणि मी डोळे उघडले. झाडं खालून जात होती. आम्ही कुठं जात नव्हतो, झाडंच जात होती. एक घार आमच्या खाली होती. घारीची पाठ मी तोपर्यंत कधी बघितली नव्हती, ती तांबूस असते. धुकं ओलसर गालाला लागलं, आणि दुपारच्या त्या रिकाम्या शेडमध्ये ऐकलेलं सगळं एकदम मला भेटलं, निळं पाणी, झाडांतले ढग, समुद्राच्या काठाची झाडं. मी शेजारी बघितलं. लोक तारेवर हात पसरतात. चाचांनी हात पाठीमागं बांधले होते. डोळे उघडे, पाय अधांतरी.

"हालू नका, ताई," ते म्हणाले. "काटा ठरू द्या."

मी हालले नाही. माझी भीती कुठं गेली, मला माहीत नाही. धुक्यातून पलीकडची फळी आली, आणि तिथं धरायला खरंच एक माणूस उभा होता.

त्यानंतर चाचा पाच महिने होते. थप्पीवर चढवत नव्हतं, माझ्या टेबलापाशी खुर्ची टाकून बसायचे. कोणी विचारलं, की सांगायचे, "एकट्याचं भरलं न्हाई. ताईसंग गेल्तो." दरवेळी हे असंच, एक शब्द वाढवून नाही. सोयाबीनची आवक संपता संपता ते गेले. मी खूप रडले. घरच्यांना वाटलं, मोंढ्यातल्या एका मापाड्यासाठी एवढं काय? मी कोणाला समजावत बसले नाही.

ती दोन वजनं चाचींनी मला दिली. माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली असतात. नवा मापाडी आलाय, माणूस चांगला आहे, काम चोख आहे. तो मोजताना एकपासून सुरुवात करतो आणि दरवेळी माझा हात लिहिता लिहिता क्षणभर थांबतो.

परवा शुक्रवारी दुपारी लिलाव आटोपले होते. हमाल सावलीला, पत्र्यावर कबुतरं. मी चपला काढल्या, ओढणी खुर्चीवर ठेवली आणि काट्यावर जाऊन उभी राहिले. हात मागं बांधले. आकडा थरथरला, मग ठरला. वाचायला कोणी नव्हतं, म्हणून मीच मोठ्यानं वाचला.

बासष्ट. क्विंटलला अडतीस कमी.